चौथा कप्पा

तुकड्यात चौदा ओळी होत्या. त्यातल्या दोन ओळी आकडे उचलणाऱ्या, पाच ओळी कप्प्यांत आकडे ठेवणाऱ्या, एक भागाकाराची, तीन ओळी कप्प्यांतून उत्तरं काढून घेणाऱ्या आणि तीन ती उत्तरं जागेवर नेऊन ठेवणाऱ्या. पडद्यावर शेजारच्या खिडकीत तोच तुकडा कात्रीच्या नियमातून गेलेला होता. तिथे ओळी बारा होत्या. कप्प्यांत आकडे ठेवणाऱ्या पाचांपैकी तीनच उरल्या होत्या.

दोन ओळी कमी. आठवड्यापूर्वी हेच दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवून तिने सगळ्या खोलीला दाखवले होते. आज ती ते एकटीच बघत होती.

कात्री हे तिचं ऑफिसातलं नाव. तिचं काम कंपायलरमधलं. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम कंपायलर आधी एका मधल्या मसुद्यात उतरवतो आणि मग त्या मसुद्यावरून चिपला कळतील अशा आज्ञा तयार करतो. या मसुद्यातली अडगळ शोधून काढून टाकायची, हे तिच्याकडे होतं. नोकरीला पाच महिने झाले होते, सहा झाले की कायम करणार होते, आणि या पाच महिन्यांत तिने एवढी काटछाट केली होती की कोणीतरी तिच्या खुर्चीला ते नाव चिकटवलं आणि ते तसंच राहिलं.

तिचा सगळ्यात लाडका नियम चार कप्प्यांचा. नव्या चिप चार आकडे एका दमात हाताळतात. चार कप्पे इकडे, चार तिकडे, एकच आज्ञा, चार उत्तरं. पण लिहिणाऱ्याला बऱ्याचदा तीनच उत्तरं हवी असतात. चौथं कोणी वाचतही नाही. मग त्या चौथ्या कप्प्यात आकडा ठेवायचे कष्ट तरी कशाला? तिचा नियम शेवटाकडून मागे बघत यायचा आणि ज्या कप्प्याचं उत्तर कोणी वाचत नाही, त्यात काही ठेवणाऱ्या ओळी पुसून टाकायचा. येत्या सोमवारी हा नियम सगळ्यांसाठी बाहेर पडणार होता.

दादाला तो तिने आधीच देऊन टाकला होता.

फोन पावणेबाराला आला होता. वहिनीचा.

"धाकटे, कामात आहेस का? बाबांच्या कानातलं यंत्र मधेच बंद पडतंय गं. टक् वाजतं म्हणे, आणि थोडा वेळ काहीच नाही. मग आपोआप सुरू."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. मला वाटलं बॅटरी. दोनदा बदलली."

गेल्या सोमवारीच दादाने नव्या कंपायलरने प्रोग्रॅम पुन्हा बांधून बाबांच्या यंत्रात भरला होता. दादाचा छोटासा कारखाना होता. दोन टेबलं, एक भिंग, एक कपाट आणि वहिनी. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तो कानातली यंत्रं करायचा. नवं काही केलं की पहिलं बाबांच्या कानात.

"वहिनी, कधी बंद पडतं? काही ठरावीक वेळ?"

"थांब, त्यांनाच विचारते." मग लांबून वहिनीचा चढा आवाज आणि बाबांचा त्याहून चढा. वहिनी परत आली तेव्हा हसत होती. "म्हणतात, कोणी बोलेनासं झालं की रुसतं. घरात तुम्ही सगळे बडबडता तेव्हा ठणठणीत असतं, बाकावर जाऊन शांत बसलं की टक्."

कात्री हसली नाही. "दादाला दे."

दादा घाईत होता. चाळीस यंत्रं खोक्यांत भरून तयार होती. बहिऱ्या मुलांच्या एका शाळेसाठी, दोन महिने उशिराने. चार वाजता गाडी न्यायला येणार होती आणि त्या चाळीसही यंत्रांत तोच, त्या बारा ओळी असलेला प्रोग्रॅम होता.

"दादा, आज नको पाठवूस."

"का?"

"मला वाटतंय, माझ्या नियमात घोळ आहे."

"वाटतंय की आहे?"

"वाटतंय."

"हे बघ," दादा म्हणाला, "शाळेतल्या बाई रोज फोन करतात. मुलं दारात उभी राहून वाट बघतायत. तुझ्या वाटण्यावर मी त्यांना काय सांगू? बाबांचं यंत्र जुनं आहे, दोनदा पडलंय. चार वाजेपर्यंत काही सापडलं तर सांग."

म्हणून ती आता चौदा आणि बारा ओळी समोरासमोर ठेवून बसली होती.

पुसल्या गेलेल्या ओळी कोणत्या, हे तर स्वच्छ दिसत होतं. आवाजाचे तीन पट्टे, जाड, मधला, बारीक, हे तीन कप्प्यांत. चौथा रिकामा. वरच्या बाजूला चौथ्या कप्प्यात दादाने शून्य ठेवलं होतं, खालच्या बाजूला चौथ्या कप्प्यात एक. वरच्याला खालच्याने भागायचं. चौथं उत्तर कोणी वाचत नव्हतं. नियमाने शून्यही पुसलं, एकही पुसला. बरोबरच होतं की. तिने तीनदा बोट ठेवून वाचलं. तिन्ही वेळा बरोबर.

ती मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणजे तिचे वरिष्ठ. त्यांनी कोणालाच कधी शिकवलं नव्हतं, पण चुकीखाली लाल रेघ मारायची त्यांची सवय जुनी होती.

"मास्तर, माझा चार कप्प्यांचा नियम सोमवारी नको सोडायला."

मास्तरांनी चष्मा वर केला. "चाचण्या?"

"तेराशे बारा. सगळ्या पास."

"मग?"

"माझ्या वडिलांचं यंत्र शांततेत बंद पडतंय. आणि तशीच चाळीस आज चारच्या गाडीने एका शाळेत चाललीत."

याचं त्यांना हसू आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "कात्रीबाई, शंका फुकट मिळते. पुरावा आणा. अर्ध्या खोलीने या नियमावर पुढची कामं रचलीत. नुसत्या शंकेवर तो काढला तर त्यांना काय सांगू?"

आज सगळ्यांना कोणाला तरी काहीतरी सांगायचं होतं.

ती जागेवर परत आली. साडेबारा. चहा निवला होता. तिने चाचण्या पुन्हा एकदा चालवल्या. पडद्यावर हिरव्या खुणा भराभर उतरल्या, तेराशे बारा. या हिरव्या रांगेकडे बघून तिला आजवर कसं गार वाटायचं. आज वाटलं, हे सगळे संगनमत करून माझ्याशी खोटं बोलतायत.

शांतता. शांततेत काय वेगळं असतं? दादाच्या यंत्रात एक मापक होता, गेल्या आठ सेकंदांत किती आवाज झाला ते मोजणारा. तो कुठे ठेवलाय? तिने दादाचा मूळ प्रोग्रॅम उघडला. तीन पट्ट्यांचे तीन आकडे आणि त्यांच्या मागोमाग, चौथ्या जागी, हा मापक. चिप चार आकडे एकत्र उचलते तेव्हा तोही त्यांच्याबरोबर उचलला जातो. फुकटचा प्रवासी. पण त्याच्या जागी दादा लगेच एक ठेवतो, आणि मगच भागाकार.

त्या ओळीशेजारी दादाने टीप लिहिली होती: *हा एक काढू नये.*

टिपा माणसांसाठी असतात. मधल्या मसुद्यात त्या उतरतच नाहीत. तिथे नुसता एक होता, आणि तिच्या नियमाने तो पुसला होता.

म्हणजे चौथ्या कप्प्यात आता मापक. आवाज असेल तर पंचवीस, तीनशे, काहीही. आठ सेकंद काहीच आवाज नसेल तर शून्य. आणि उत्तर कोणी वाचो न वाचो, चिप भागाकार चारही कप्प्यांचा करते. शून्याने भागायची वेळ आली की ही चिप अडते, आणि पहिल्यापासून सुरू होते; त्याला दोन पूर्णांक चार सेकंद लागतात. टक्.

बेरजेत चाललं असतं. वजाबाकीत, गुणाकारातही. तिथे कप्प्यात काय कचरा पडलाय याला कोणी विचारत नाही. भागाकारात तेवढं चालत नाही.

पण मग तेराशे बारा चाचण्यांत हे एकदाही कसं घडलं नाही? भागाकाराच्या चाचण्या त्यात होत्या. कप्प्यांत घालायचे आकडे संगणकाकडूनच अंदाधुंद काढून घेतलेले होते. एकदा तरी शून्य यायला हवं होतं. तिने ते आकडे काढणारा तुकडा उघडला. पाच महिन्यांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात, तिने स्वतः लिहिलेला. एक ते नऊशे नव्व्याण्णव. आणि शेजारी तिच्याच हातची टीप: *शून्य नको, भागाकार अडतो.*

शून्याने भागाकार अडतो हे तिला तेव्हा माहीत होतं. चाचण्या उगाच अडू नयेत म्हणून तिनेच शून्याला दाराबाहेर ठेवलं होतं, आणि मग तेराशे बारा वेळा कोणी आलं नाही म्हणून निर्धास्त झाली होती.

तिने 'एक ते'च्या जागी 'शून्य ते' लिहिलं. जो भागाकार न छाटताही शून्यावर अडतो तो आपोआप बाजूला ठेवला जाईल, एवढी सोय केली. चाचण्या लावल्या. हिरवं, हिरवं, हिरवं, लाल. शेवटी मोजल्या. लाल सदतीस. सदतीसही भागाकाराच्या.

एक वाजायला पाच मिनिटं कमी होती.

मास्तरांनी सदतीस लाल ओळी खालपासून वरपर्यंत वाचल्या. कात्री उभीच होती. कायम होण्याचं पत्र आता विसरायचं, असं ते वाचत असतानाच तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"हे तुम्ही शोधलंत की वडिलांनी?" त्यांनी विचारलं.

"वडिलांनी."

"त्यांना चाचणी विभागात घ्या." मग त्यांनी नियमाच्या कागदावर खाली बोट ठेवलं. 'तपासलं' असं लिहिलेलं होतं आणि पुढे त्यांची सही. "नुसतं तुमचं नाही हे. मीही वाचलं होतं. तेराशे बारा बघितलं आणि मान हलवली. सोमवारचं मी थांबवतो. तुम्ही दुरुस्त करा आणि पळा. चारला गाडी आहे म्हणालात ना?"

दुरुस्ती एका ओळीची होती. भागाकार असेल तर खालच्या बाजूचा कप्पा पुसायचा नाही, मग त्याचं उत्तर कोणी वाचो न वाचो. वरच्या बाजूचा खुशाल पुसावा. नवा कंपायलर बांधून व्हायला पंचवीस मिनिटं लागणार होती. तिने लॅपटॉप चालू ठेवूनच पिशवीत घातला आणि जिन्यातून दादाला फोन लावला.

"खात्री झाली," ती म्हणाली. "चाळीसही उघड."

पलीकडे दादाने एका खोक्याची चिकटपट्टी ओढून काढली. मग म्हणाला, "मी तिथे लिहून ठेवलं होतं. हा एक काढू नये म्हणून."

"कंपायलर टिपा वाचत नाही, दादा."

"तू तरी वाचायचीस."

"बाबा कुठे आहेत?"

"फिरायला. मागच्या रस्त्याने. तिथे शांत असतं म्हणून जातात."

"यंत्र घालून?"

"नाहीतर काय हातात धरून?"

मागचा रस्ता गोदामांच्या पाठीला लागून होता. दोन्हीकडे उंच भिंती, पदपथ नाही. गोदामाच्या गाड्या आता बॅटरीवरच्या होत्या, येतात कधी आणि जातात कधी कळत नाही. बसमधून उतरल्यावर ती अर्धी पळत, अर्धी चालत तिथे पोचली. पिशवीतला लॅपटॉप पाठीला गरम लागत होता.

बाबा दिसले. पाठमोरे, हात मागे बांधलेले, रस्त्याच्या मधोमध. आयुष्यभर कुलपं दुरुस्त केलेला माणूस, चालतानाही खाली बघून चालायचा. त्यांच्या मागून एक पांढरी गाडी गोदामाच्या फाटकातून वळून येत होती. चाकांखाली खडी चुरचुरत होती, तेवढाच काय तो आवाज.

"बाबा!"

त्यांनी मागे बघितलं नाही.

"बाबा!"

ती मोजायला लागली नव्हती, पण डोकं आपलं आपण मोजत होतं. एक. चालकाने ब्रेक दाबला. दोन. चाकं किंचित घसरली. बाबांची मान अजून खालीच. आणि मग एकदम दचकून ते वळले. कुठूनतरी कोणीतरी अचानक जगाचा आवाज सोडला, असे. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"मेलो नाही ना?" त्यांनी चालकालाच विचारलं.

"तुमचं नशीब, आजोबा."

"नशीब नाही, तुमचा ब्रेक," बाबा म्हणाले. मग त्यांना कात्री दिसली. "तू इथे कशी? कामावरून काढलं का?"

"अजून नाही," ती म्हणाली आणि त्यांच्या कानातलं यंत्र बघितलं. मग त्यांचा दंड धरला तो कारखान्याच्या दारापर्यंत सोडलाच नाही.

कारखान्यात खोकी उघडून पडली होती. वहिनीने चाळीस यंत्रं आठ-आठच्या पाच रांगांत मांडली होती. दादा कात्रीशी बोलत नव्हता, पण त्याने टेबलाची एक बाजू रिकामी करून ठेवली होती.

"आधी मला दिसू दे," तो म्हणाला. "तू सांगतेस ते होतंय का."

मग एक गंमतच झाली. ज्या घरात दोन माणसं एका वेळी गप्प बसत नाहीत, त्या घरातले चौघे टेबलाभोवती बसले आणि गप्प झाले. टक् वाजलं की बाबांनी बोट वर करायचं, असं ठरलं. दादाने घड्याळ लावलं, तीन मिनिटं. वहिनीने पंखा बंद केला.

आठव्या सेकंदाला बाबांचं बोट वर गेलं. दादाने वहीवर रेघ मारली. मग पुन्हा. मग पुन्हा. वहिनीला मधे हसू फुटायला आलं आणि तिने पदर तोंडात धरला. कात्रीला हसू येत नव्हतं. प्रत्येक बोटागणिक तिला एक मूल दिसत होतं, दप्तर घेतलेलं, एखाद्या शांत रस्त्याच्या मधोमध.

तीन मिनिटांत सतरा रेघा.

कात्रीने मनातल्या मनात पडताळून बघितलं. आठ सेकंद शांतता, दोन पूर्णांक चार सेकंद बंद, पुन्हा आठ. सतराच यायला हवं होतं.

दादाने वही मिटली. "भर तुझं नवं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पाणी पी आधी. तोंड बघ आरशात."

लॅपटॉपवर कंपायलर बांधून झाला होता. प्रोग्रॅम बांधला, मधला मसुदा उघडला. चौथ्या कप्प्यातला एक जागेवर होता. शून्य पुसलेलं होतं. एका यंत्रात भरायला दोन मिनिटं, दोन वायरी असल्याने दोन यंत्रं एका वेळी. दादा एका वायरीवर, कात्री दुसऱ्या. वहिनी भरलेली खोक्यात लावत होती आणि उरलेली मोजून सांगत होती. बाबांना कोणी काही काम दिलं नाही म्हणून ते यंत्रांची बटणं पुसत बसले.

"अशी एक किल्ली मी केली होती," बाबा मधेच म्हणाले. "एक दाता कुठेच लागत नव्हता, म्हणून घासून टाकला. कुलूप झकास उघडलं."

"मग?" दादाने विचारलं.

"मग काय, शेजारच्याचंही उघडलं."

दादा हसला. सकाळपासून पहिल्यांदा. कात्रीच्या हातातली वायर हलली आणि तिला ते यंत्र पुन्हा पहिल्यापासून भरावं लागलं.

साडेतीनला चाळीसही भरून झाली. पावणेचारला गाडी आली, पंधरा मिनिटं आधीच, आणि चालकाने दारात येऊन विचारलं, "झालं का?"

"बसा," दादा म्हणाला. "दहा मिनिटं. आणि कृपा करून बोलू नका."

"का हो, कोणी गेलं का घरात?"

"नाही. ऐकायचंय."

बाबांनी खोक्यांवरून हात फिरवला, तिसऱ्या खोक्यातलं एक उचललं आणि कानात घातलं. चालक स्टुलावर बसला. वहिनीने पंखा बंद केला, घड्याळ उशीखाली सरकवलं आणि दार ओढून घेतलं. दादाने वही उघडली, कोरं पान. कात्रीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

आठ सेकंद झाले. बाबांचे हात मांडीवर होते. अठरा सेकंद झाले. चालकाने एकदा खोकला येतोयसा चेहरा केला आणि तो गिळला. बाबांच्या उजव्या हाताचं बोट एकदा हललं. त्यांनी नाक खाजवलं.

दहा मिनिटं भरली तेव्हा दादाने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पानावर लिहिलं:

वेळ, दहा मिनिटं. ओळी, तेरा. प्रोग्रॅमच्या एका फेरीला अडतीस मायक्रोसेकंद, बारा ओळी होत्या तेव्हा छत्तीस. बोट वर, शून्य वेळा.